तीन सुतांचे अंतर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही चौघांनी प्रथम एकमेकांना दूरध्वनी केले. काय लिहावे? पहाटेच्या वंदनेची घंटा, भोजनगृहासमोरची ताटे घेऊन उभी असलेली रांग, पावसाळ्यात गळणारी वसतिगृहाची कोपऱ्यातील खोली, या आठवणी आपल्या सर्वांच्याच आहेत आणि त्या इतर कोणीतरी आमच्यापेक्षा चांगल्या लिहिल्या असतील. म्हणून आम्ही फक्त एका वस्तूविषयी लिहायचे ठरवले. संगीतकक्षात खिडकीशेजारी भिंतीला जी गिटार टांगलेली आहे, तिच्याविषयी.

ती गिटार शाळेच्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांनी बनवली, हे नव्या मुलांना सांगितले जाते. तिच्याखाली एक कागद चिकटवलेला असून त्यावर आम्हा चौघांची नावे आहेत. तो कागद अपुरा आहे. त्यावर पाचवे नाव हवे होते. ते नाव या लेखातही येणार नाही, कारण ज्याचे ते आहे त्याने तशी गळ घातली. मग आमची तरी कशाला, असा विचार करून आम्हीही आमची नावे लेखाखाली घालत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

गोष्ट १९९६ च्या डिसेंबरातली. आम्ही तेव्हा नववीत होतो. पुण्याहून एक तरुण कार्यकर्ता पंधरा दिवस मुक्कामाला आला होता आणि त्याच्यापाशी गिटार होती. आपल्या शाळेत त्या काळी एक पेटी, एक ढोलकी आणि ज्याची शाई उडाली होती असा एक तबला, एवढाच वाद्यांचा संसार. वामनदादा कर्डकांची गाणी आम्ही याच साथीवर म्हणत आलो होतो आणि त्यात आम्हाला काही उणे वाटत नव्हते. परंतु त्या पाहुण्याने एका संध्याकाळी आमच्याच गाण्यामागे गिटारचे सूर धरले आणि आम्ही बिघडलो. तो गेला, गिटार गेली, आणि १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आपणही गिटार वाजवायची, या वेडाने आम्हाला झपाटले. विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. बनवायची होती.

पाहुणा जाण्यापूर्वी आम्ही एक शहाणपणाचे काम केले होते. वह्यांना घालायचा खाकी कागद अंथरून त्यावर त्याची गिटार ठेवली आणि पेन्सिलीने तिचा आराखडा उतरवून घेतला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर आणून दांडीची रुंदी मोजली. तारा जिथून सुरू होतात त्या टोकाला ४३ मिलिमीटर आणि बाराव्या पडद्यापाशी ५४. हे आकडे कागदावर ठळक लिहून ठेवले. त्या आकड्यांचा आम्हाला फार अभिमान होता.

सुतारकामाचे सर प्रथम हसले. मग त्यांनी तो कागद भिंतीवर लावला आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी आयुष्यभर दारे, खिडक्या आणि बाके केली होती. वाद्य कधी केले नव्हते. परंतु लाकूड म्हटले की त्यांना राहवत नसे. जुने भोजनगृह त्याच उन्हाळ्यात पाडले होते. त्याच्या दाराची सागवानी चौकट कार्यशाळेच्या मागे पडून होती. तिच्यात सगळीकडे खिळ्यांची भोके आणि चुन्याचे थर. तीन फूट लांबीचा एकच तुकडा सरळ, बिनगाठीचा आणि बिनभोकाचा निघाला. तोच दांडीसाठी ठरला. ज्या दारातून आपण सर्वांनी जेवायला आत जाण्यासाठी धक्काबुक्की केली त्या दाराची ही चौकट, हे जुन्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. पेटीसाठी गावातल्या चहाच्या व्यापाऱ्याकडून प्लायवूडची रिकामी खोकी मागून आणली. प्लायवूडला कमरेसारखा बाक देणे आम्हाला साधले नाही, म्हणून आमच्या गिटारला चार कोपरे आहेत. आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत ज्याला बँजो म्हणतात त्याच्या पेटीची ती थोरली बहीण वाटते.

दांडी आम्ही दीड महिना तासली. वाकस, रंधा, मग कानस, मग काचपेपर. तिची पाठ गोल करताना हातावर फोड आले. अखेर ती खाकी कागदावर ठेवली तेव्हा पेन्सिलीच्या रेघेवर रेघ बसली.

पडद्यांची पट्टी मात्र घरी करण्याचे धाडस सरांनी करू दिले नाही. गणिताच्या सरांनी आम्हाला हिशोब काढून दिला होता. तारेची बोलती लांबी ६५० मिलिमीटर धरली तर तिला १७.८१७ ने भागायचे, येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे म्हणजे दुसरा. असे करत गेले की बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ वर येतो. कागदावर हे सुंदर दिसत होते. पण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, चुकले तर सरकवता येतात. गिटारचे पडदे खाचेत ठोकून बसवायचे, तिथे अर्धा मिलिमीटर चुकला की सूर कायमचा चुकला. आमच्या करवतीचे पातेच मुळी दीड मिलिमीटर जाड होते. तेव्हा तयार पट्टी आणायची असे ठरले.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली. बाजारच्या गिटारच्या दांडीत बहुधा लोखंडी सळई असते, आपल्या दांडीत ती नाही. सहा पोलादी तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण देतात. नायलॉनच्या तारांचा ताण त्याच्या जवळपास निम्मा. म्हणून आपण नायलॉनच्या तारा लावू. हा सल्ला सर्वस्वी योग्य होता. आमची सारी फसगत याच योग्य सल्ल्यातून पुढे झाली, कारण ज्या गिटारवरून आम्ही दांडी बेतली होती ती पोलादी तारांची होती. पोलादी तार बारीक असते, थोड्या जागेत थरथरते, त्यामुळे तिची दांडी अरुंद चालते. नायलॉनची तार जाड, तिला हलायला अधिक जागा लागते आणि ती बोटांनी छेडायची असते; म्हणून त्या गिटारची पट्टी टोकाला ५२ मिलिमीटरपर्यंत रुंद करण्याची रीत आहे. हे आज आम्ही एका वाक्यात लिहितो. तेव्हा आमच्यापैकी कोणालाही ते माहीत नव्हते.

आता पाचव्या सोबत्याविषयी. तो आमच्याच वर्गातला आणि आमच्याच खोलीतला. त्याच्या वडिलांचे तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचे दुकान होते. फार बोलायचा नाही. जानेवारीच्या अखेरीस त्याची आई नागपूरला रुग्णालयात दाखल झाली आणि त्याला घरचे न्यायला आले. नागपूरला जातोच आहेस तर सीताबर्डीवरून पट्टी घेऊन ये, असे आम्ही त्याला सांगितले. पाच जणांचे मिळून जमवलेले एकशेऐंशी रुपये आणि एक चिठ्ठी त्याच्या हाती दिली. चिठ्ठी लिहिताना सर म्हणाले होते, ‘रुंदीही लिहा रे पोट्टेहो.’ आम्ही हो म्हटले. चिठ्ठीत लिहिले ते असे: नायलॉनच्या तारांच्या गिटारची, पडदे बसवलेली पट्टी, ६५० च्या मापाची. रुंदी लिहायची राहिली. का राहिली याचे कारण आजही सांगता येत नाही. आम्हाला ते ४३ आणि ५४ इतके पाठ झाले होते की ते जगालाही पाठ असतील असे वाटले असावे.

आठ दिवसांनी तो परत आला. एका कारागिराने मोडक्या गिटारवरून सोडवून ठेवलेली शिसवाची पट्टी त्याने आणली होती. काळीभोर, गुळगुळीत, पांढऱ्या धातूचे पडदे चमकणारी. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर आईची जुनी साडी गुंडाळून, त्याने ती एसटीत मांडीवर आडवी धरून आणली होती. पट्टी, उरलेले पैसे आणि चिठ्ठी त्याने आमच्या स्वाधीन केली. आम्ही पट्टीवर तुटून पडलो. आई कशी आहे, हे आमच्यापैकी एकानेही त्याला विचारले नाही.

रविवारी दुपारी सरांनी दांडी शिकंज्यात धरली आणि पट्टी तिच्यावर ठेवली. पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर आली. टोकाला एका बाजूने साडेचार मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने साडेचार. बाराव्या पडद्यापाशी चार आणि चार. कौलारू घराच्या पागोळ्या भिंतीबाहेर येतात तशी. सरांनी खिशातून आपली घडीची पट्टी काढली. ते मिलिमीटरमध्ये कधी बोलत नसत. दांडी मोजली, मग पट्टी मोजली आणि म्हणाले, ‘तीन सूत.’ इंचाचे आठ सूत, हे कार्यशाळेत ज्यांनी मार खाल्ला आहे त्यांना सांगायला नको.

कार्यशाळेत त्या वेळी आठवीची मुलेही होती. त्या सर्वांच्या समोर आमच्यातला एक जण पाचव्याला म्हणाला, ‘माप पाह्यलं नाही का बे?’ उरलेल्या तिघांनी त्याला दुजोरा दिला. एकाने तर दीड महिन्याच्या मेहनतीचा हिशोब मांडला. तो एवढेच म्हणाला, ‘चिठ्ठीत होतं तेच मागितलं.’

सरांनी विचारले, ‘चिठ्ठी कुठं आहे?’

चिठ्ठी आमच्यापैकी एकाच्या खिशात होती. त्याने ती आदल्याच रात्री उघडून पाहिली होती, आणि आम्हा चौघांनाही दाखवली होती. म्हणजे रविवारी दुपारी पट्टी दांडीवर ठेवली जाण्यापूर्वीच आम्हाला चूक कुठे आहे याची शंका आली होती. आम्ही म्हणालो, ‘हरवली, सर.’ तो आमच्याकडे पाहत होता. चिठ्ठी आपण कोणाच्या हातात दिली हे त्याला ठाऊक होते. तो काही बोलला नाही. सरांनी पट्टी उचलून फळीवर ठेवली आणि बत्ती जाण्याची वेळ झाली म्हणून कार्यशाळा बंद केली.

हे लिहिण्यासाठीच हा लेख आहे. परंतु गिटारचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण ते काम आम्हाला आजही आवडते.

आमच्यापुढे तीन मार्ग होते. पट्टी तशीच बाहेर आलेली ठेवून चिकटवणे, पट्टी कापून दांडीएवढी करणे किंवा दांडी वाढवून पट्टीएवढी करणे. पहिला मार्ग सरांनी उडवून लावला. खाली आधार नसलेली कड उन्हाळ्यात वाकेल, आणि वाजवणाऱ्याच्या तळव्यात रुतेल ती वेगळीच. दुसरा मार्ग आम्हाला सोपा वाटला. शिवाय त्यात एक लोभ होता. पट्टी कापून बसवली की तीन सुतांचे अंतर नाहीसे होईल आणि मग चिठ्ठीचा विषय पुन्हा कोणी काढणार नाही. म्हणून आम्ही सरांना न विचारता, सोमवारी रात्री अभ्यासिकेच्या वेळेत, कार्यशाळेची किल्ली मिळवून आत गेलो. मेणबत्ती लावली आणि लोखंड कापायच्या करवतीने पट्टीची एक कड कापायला घेतली.

लाकूड कापले जात होते. पण करवतीचे दात पहिल्या पडद्याच्या धातूला लागले तसे ते त्याला ओढू लागले. पडद्याची तार खाली एका पात्यासारखी असते आणि ते पाते खाचेत घट्ट दाबून बसवलेले असते. कडेचे लाकूड गेले की तेवढी पकड जाते. पहिल्या पडद्याचे टोक टक्क करून वर आले. आम्ही ते हातोडीने दाबले आणि पुन्हा कापू लागलो. दुसऱ्याचेही तेच झाले. शिवाय करवत तिरपी गेली. पहिल्या दोन पडद्यांएवढी लांबी कापून झाल्यावर आम्ही थांबलो तेव्हा शिसवाच्या त्या सुंदर पट्टीच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडली होती. मेणबत्ती विझवून आम्ही खोलीवर परतलो. पाचवा जागा होता. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी खाच पाहिली. रागावतील असे वाटले होते. त्यांनी अंगठ्याने उचललेले पडदे चाचपले आणि म्हणाले, ‘आता कापणं बंद. जोडलेलं काढता येते, कापलेलं येत नाही. दांडी वाढवा.’

दांडी वाढवणे म्हणजे तिच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या चिकटवणे. ऐकायला सोपे. पण आमच्या दांडीची पाठ गोल झालेली होती आणि गोल अंगाला सरळ पट्टी चिकटत नाही. त्यासाठी आधी दांडीची दोन्ही अंगे रंध्याने सपाट करावी लागली. दांडी मुळातच अरुंद, आणि ती वाढवण्यासाठी तिला आधी आणखी अरुंद करायचे, हे आमच्या जिवावर आले. दोन्हीकडून एकेक मिलिमीटर गेला. आता टोकाला ४१ उरले. त्यातून दोन्ही बाजूंना जेमतेम बारा मिलिमीटर उंचीची सपाट जागा मिळाली. सर म्हणाले, तेवढी पुरे, सरस तेवढ्यावर धरेल; धरले नाही तर लाकडाचा दोष नाही.

जोडपट्ट्यांसाठी चौकटीतला दुसरा चांगला तुकडा नव्हता. वर्गातल्या एका मोडक्या बाकाची सागवानी फळी सरांनी दिली. तिच्यातून सात मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या काढल्या. रेषा लांबीच्या दिशेने धावतील अशाच त्या काढायच्या, आणि दांडीचे लाकूड ज्या दिशेने तासले जाते त्याच दिशेने पट्टीही तासली जाईल असे तोंड ठेवायचे. नाहीतर पुढे रंधा फिरवताना एक लाकूड गुळगुळीत होते आणि शेजारचे उचकटते. ४१ अधिक सात अधिक सात म्हणजे ५५. पट्टी ५२ ची. तीन मिलिमीटर जास्तीचे राहू दिले. सरांचा नियम होता की जोडताना नेहमी थोडे अधिक ठेवावे, मग तासून बरोबर करावे.

पहिली जोड फसली. अंगे सपाट केल्यावर आम्ही ती काचपेपरने आरशासारखी घासली आणि सहामाहीनंतरच्या चाचणी परीक्षेसाठी दांडी आठ दिवस तशीच ठेवली. मग फेविकॉल लावून पट्ट्या बसवल्या, कार्यशाळेतले दोनच शिकंजे दोन टोकांना आवळले, आणि मध्ये सुतळी बांधली. तिसऱ्या दिवशी शिकंजे सोडले तेव्हा एक जोडपट्टी हातात आली, पापडासारखी. सरांनी तिच्यावर बोट फिरवून वास घेतला. सागवानाच्या अंगात तेल असते. म्हणून तर त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि म्हणूनच त्याला सरस लवकर धरत नाही. ताज्या रंधलेल्या अंगावर लगेच सरस लावला तर धरतो. दिवस गेले की आतले तेल वर येऊन बसते. शिवाय दोनच शिकंज्यांमुळे मधल्या भागाला दाब मिळालाच नव्हता. सुतळी बांधताना घट्ट वाटते, पण ती ओलसर सरसावर सैल पडते.

शिकंजे आणखी नव्हते. दांडी हातात धरून आम्ही चौघे बसलो होतो. एव्हाना पाचवा कार्यशाळेत यायचा, पण आमच्या कामाला हात लावत नसे. आम्ही लावू दिला नव्हता. तो आठवीच्या मुलांना पाट घासायला मदत करायचा. त्याने दुरूनच पाहिले, उठून बाहेर गेला, आणि शनिवारी वडील भेटायला आले तेव्हा त्यांच्याकडून सायकलच्या फाटक्या ट्यूबांचे एक भेंडोळे मागून घेतले. सोमवारी ते बाकावर ठेवून म्हणाला, ‘हे गुंडाळून पाहा.’

ट्यूब लांबीच्या दिशेने कापून तिच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या केल्या. यावेळी अंगे पुन्हा रंधली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि तासाभरात सरस लावला. सरस लावलेले लाकूड दाब येताच माशासारखे निसटते. म्हणून सरांनी बारीक चुका दांडीत अर्ध्या ठोकून त्यांची डोकी पकडीने तोडायला लावली. उरलेली टोके जोडपट्टीत रुतली आणि ती जागची हलेना. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रबर ताणून ताणून गुंडाळले. एक जण दांडी धरतो, एक जण फिरवतो, आणि रबर ओढणारा तो. त्याला ते बरोबर जमत होते. लहानपणापासून त्याने तेच केले होते. शेवटी दांडी काळ्या अजगरासारखी दिसू लागली. फटींमधून सरसाचे पांढरे थेंब एका ओळीत बाहेर आले तेव्हा सर म्हणाले, सगळीकडे सारखे आले म्हणजे सगळीकडे दाब सारखा आहे.

ती जोड धरली.

पुढचे काम आनंदाचे होते. पट्टी वर चिकटवली, तिच्या कडेला रंधा टेकवून जोडपट्ट्या खाली उतरवल्या आणि लाकूड शिसवाच्या कडेशी नखाला न अडखळता एक झाले. पाठ पुन्हा कानशीने गोल केली. करवतीने कुरतडलेली खाच शिसवाच्या भुशात सरस कालवून भरली. उचललेले दोन पडदे खाचेत सरसाचा थेंब सोडून दाबून बसवले. आजही पहिल्या पडद्यापाशी हात नेला तर ती भरलेली जागा थोडी खडबडीत लागते. घोडी कुठे बसवायची यावर मात्र एक सबंध दिवस वाद झाला, कारण खाकी कागदावरची तिची जागा आता उपयोगाची नव्हती. शेवटी गणिताच्या सरांचा आकडा प्रमाण मानला आणि नटापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर तेवढेच पुढे मोजून घोडी चिकटवली. त्या दिवसांत वंदनेनंतर आम्हाला सोण स्थविरांच्या वीणेची कथा सांगितली गेली होती, फार ताणू नये आणि फार सैल सोडू नये, अशी. आमचे वाद्य तोवर तारांपर्यंत पोहोचलेच नव्हते, म्हणून आम्ही ती कथा जरा मत्सरानेच ऐकली.

तारा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चढल्या. आवाज आला. चहाच्या खोक्यातून येतो तेवढाच, थोडा नाकातला, पण आला. आणि मग कळले की ५२ मिलिमीटरची दांडी नववीतल्या मुलाच्या हाताला फार रुंद आहे. पाहुण्याने सहज धरलेले स्वरमेळ धरताना आमची बोटे फाकून दुखत. सागवान जड, त्यामुळे दांडीचे टोक सारखे खाली झुके. आम्ही तीन स्वरमेळ शिकलो आणि जी गाणी त्या तिघांत बसत होती तीच निवडली.

१४ एप्रिल १९९७ च्या संध्याकाळी ती गिटार व्यासपीठावर वाजली. सूत्रसंचालकाने सांगितले की हे वाद्य आपल्याच शाळेत बनले आहे, आणि चार नावे वाचली. ही चार नावे लिहून देणारे आम्हीच होतो. टाळ्या पडल्या. सुतारकामाचे सर पहिल्या ओळीत बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवताना मागे वळून पाहिले. तो चौथ्या-पाचव्या ओळीत बसला होता, आणि तोही टाळ्या वाजवत होता.

दहावीनंतर आम्ही पांगलो. एक जण वीज खात्यात गेला, एक शिक्षक झाला, एक शेती पाहतो, एकाचे पुण्यात फर्निचरचे काम आहे. पाचव्याने वडिलांचे दुकान वाढवले. चिठ्ठीचा विषय आम्ही आपसांतही चौदा वर्षे काढला नाही. जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा गिटारची गोष्ट हसत सांगायचो, चहाची खोकी, चार कोपरे, मेणबत्ती, सगळे सांगायचो आणि चिठ्ठीपाशी आलो की ‘मापात काहीतरी घोळ झाला’ असे म्हणून पुढे जायचो. घोळ झाला म्हटले की कोणी केला ते सांगावे लागत नाही.

२०११ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आम्ही पाचही जण आलो होतो. संगीतकक्षात गिटारखाली उभे असताना आमच्यातल्या एकाने, ज्याच्या खिशात ती चिठ्ठी होती त्याने, सांगून टाकले. ती हरवली नव्हती. आम्ही तिघांनी मान खाली घातली. तो म्हणाला, ‘मले माहीत आहे. चिठ्ठी मी जातानाच एसटीत वाचली होती. रुंदी नव्हती तिच्यात. मले वाटलं तशी पट्टी एकाच रुंदीची येत असंल.’ मग आम्ही विचारले, तेव्हा का नाही बोललास? त्याने थोडा वेळ घेतला. ‘तुम्ही चौघं हरवली म्हणत होते. मी एकटा नाही हरवली म्हटलं असतं तर खोलीत कुठं झोपलो असतो?’

आमच्याजवळ याला उत्तर नव्हते, अजूनही नाही. त्याने गिटार भिंतीवरून काढली, उलटी केली आणि दांडीच्या जोडीवरून अंगठा फिरवला. मधले लाकूड तपकिरी, भोजनगृहाच्या चौकटीचे. दोन्ही बाजूंना बाकाच्या फळीचे फिकट पट्टे. तिसऱ्या पडद्याच्या मागे एका बाजूला केसाएवढी फट आहे. संगीताच्या बाईंनी सांगितले की ती मे महिन्यात दिसते आणि जुलैत पाऊस लागला की बुजते. त्याने फटीत नख घालून पाहिले. ‘इथं रबर कमी पडलं होतं,’ तो म्हणाला, ‘मी तेव्हाच सांगणार होतो.’ त्यानंतर त्याला त्याच्या आईविषयी आम्ही विचारले. चौदा वर्षांनी विचारले. ती त्या आजारातून उठली होती आणि २००४ मध्ये गेली होती.

हा लेख छापायला देण्यापूर्वी आम्ही त्याला वाचून दाखवला. फोनवरच दाखवला, तो दुकानात होता आणि मागे पंपाचा आवाज येत होता. नाव घालू नका, हे त्याने तेव्हाच सांगितले. चिठ्ठीचा भाग वाचताना तो मध्ये काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, बाकी ठीक आहे, पण एक दुरुस्ती करा. पट्टीला पूर्ण एकशेऐंशी लागले असे वाचणाऱ्याला वाटेल. पट्टी एकशेपासष्टला मिळाली होती. पंधरा रुपये त्याने परत आणून दिले होते.

आम्ही ती दुरुस्ती येथे करत आहोत. ते पंधरा रुपये आम्ही कशावर खर्च केले, हे मात्र आम्हा चौघांपैकी एकालाही आठवत नाही.